मोकळा माणूस

ब्लिट्झ कसा मोडून काढावा यावर मी आज तासभर बोलू शकतो. ज्या वर्षांत हे ज्ञान कामाला आलं असतं, त्या वर्षांतही मी तासभर बोलायचो, तेवढ्याच आत्मविश्वासानं. फक्त बोलायचो ते चुकीचं असायचं.

मी ओहायोतल्या एका सरकारी हायस्कुलात गणित शिकवतो. मूळचा सोलापूरचा, वाढलो क्रिकेटवर. अमेरिकन फुटबॉल पहिल्यांदा पाहिला तेव्हा ‘ही माणसं सारखी थांबतात कशाला?’ एवढंच मनात आलं होतं. पण इकडच्या लहान गावांत शिक्षक संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या खेळाचा कोच होतो. मी सामन्यांची फिल्म बघून आकडे मांडायचो, ते मुख्य कोचच्या नजरेत भरलं आणि बघता बघता ज्युनिअर व्हार्सिटी संघाचं आक्रमण माझ्या गळ्यात पडलं. मोठ्या संघाचा सामना शुक्रवारी रात्री दिव्यांच्या झगमगाटात, बँडबाजासकट. आमचा शनिवारी सकाळी, ओल्या गवतावर. प्रेक्षक म्हणजे आईबाप, आजीआजोबा आणि जबरदस्तीनं उठवून आणलेली भावंडं. साइडलाइनवर उभं राहून पुढचा प्ले कोणता ते ठरवायचं, हे माझं काम. त्यामुळे पुढं जे सांगणार आहे त्यात मार खाल्ला मुलांनी, पण चुका माझ्या.

खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन. सेंटर, म्हणजे मधला लाइनमन, चेंडू मागं क्वार्टरबॅकच्या हातात देतो, हा स्नॅप. क्वार्टरबॅकपुढं पाच धिप्पाड लाइनमन भिंतीसारखे उभे. उरलेले पाच जण, म्हणजे रिसीव्हर, टाइट एंड आणि रनिंग बॅक, पुढं पळून पास झेलू शकतात. बचाव करणारे साधारणपणे चौघांना क्वार्टरबॅकच्या अंगावर सोडतात आणि सात जण, म्हणजे लाइनबॅकर, कॉर्नर आणि सेफ्टी, पास अडवायला मागं ठेवतात. ब्लिट्झमध्ये पाच, सहा, कधी सात जण एकदम अंगावर येतात. क्रिकेटमध्ये चार स्लिप आणि दोन शॉर्ट लेग लावून टाकलेलं षटक डोळ्यांपुढं आणा. कड लागली तर खेळ खलास, पण फटका बसला तर पाठीमागं सगळं मैदान ओसाड.

ते ओसाड मैदान मला कागदावर स्वच्छ दिसायचं. सामन्यात मात्र धावत येणारेच दिसायचे.

पहिल्याच हंगामात शेजारच्या काउंटीतला एक संघ आला. आम्ही पास टाकायला गेलो की ते सहा जण सोडायचे. आमचा क्वार्टरबॅक दहावीतला, उंच, शांत डोक्याचा, हात चांगला. दोनदा तो चेंडूसकट आडवा झाल्यावर मी कोणालाही सुचेल तेच केलं. रनिंग बॅकला सांगितलं, ‘पुढं पळू नकोस, याच्याजवळ थांब, येईल त्याला अडव.’ पुढच्याच प्लेला क्वार्टरबॅक पुन्हा आडवा. मग टाइट एंडलाही मागं घेतलं. आता अडवायला सात जण, पास झेलायला तिघे. तरीही कोणीतरी एक जण सुटून यायचाच. मी लाइनमनवर ओरडलो. मध्यंतरात पुन्हा ओरडलो. त्यातला एक, अडीच मणाचा पोरगा, हेल्मेट काढून नुसता माझ्याकडं बघत राहिला. तो म्हणाला, ‘कोच, मी माझा माणूस सोडलेलाच नाही.’ मला ते उद्धट वाटलं.

रविवारी फिल्म लावली. पोरगा खरं बोलत होता. त्यानं एकही माणूस सोडला नव्हता. त्यांचा एक लाइनबॅकर स्नॅपनंतर जागीच उभा राहून फक्त आमच्या रनिंग बॅकच्या कमरेकडं बघत होता. बॅक पास घ्यायला पुढं पळाला की तो त्याच्या मागं जायचा. बॅक अडवायला पाय रोवून थांबला की याचं काम संपलं, मग तोही निघायचा थेट क्वार्टरबॅकवर. टाइट एंडवरच्या सेफ्टीचंही तेच. या डावपेचाला ‘ग्रीन डॉग’ म्हणतात आणि तो जुनाच आहे. म्हणजे त्यांनी सहाच पाठवले होते. सातवा आणि आठवा मी बोलावून घेतले होते.

गणिताच्या मास्तरला हे आधी कळायला हवं होतं. दोन्हीकडं अकरा, पण चेंडू हातात असलेला माणूस कोणाला अडवत नाही. म्हणजे आम्ही दहा, ते अकरा. मैदानावर त्यांचा एक माणूस कायम मोकळा असतो. तो नाहीसा करता येत नाही. तो कुठं मोकळा राहावा, चेंडूपासून किती लांब, एवढंच काय ते आपल्या हातात. मी मात्र दर खेपेला आणखी एक माणूस मागं घेऊन त्या मोकळ्या माणसाला क्वार्टरबॅकच्या आणखी जवळ आणत होतो.

हे सगळं मी रविवारी वहीत व्यवस्थित मांडलं. पुढच्या शनिवारी तिसऱ्या डाउनला टाइट एंड पुन्हा मागंच ठेवला. भीती वहीत बघायला जात नाही.

त्या हंगामानंतर मी अभ्यासाला लागलो, आणि माझी दुसरी चूक या अभ्यासातूनच आली. १९८५ सालचा शिकागो बेअर्स संघ हा ब्लिट्झवाल्यांचा मेरुमणी. त्यांच्या बचावाचा कोच बडी रायन याचा ‘४६’ बचाव, पुढं आठ जणांची गर्दी, समोरच्याला श्वास घ्यायला उसंत नाही. त्या वर्षी हा संघ एकच सामना हरला. २ डिसेंबरला, सोमवारी रात्री, मायामी डॉल्फिन्सकडून, ३८–२४. मध्यंतरालाच ३१–१० झाले होते. मायामीचा कोच डॉन शूला यानं रिसीव्हर मैदानभर पसरवले, नॅट मूरला आतल्या बाजूला, स्लॉटमध्ये उभं केलं. तिथं त्याच्यामागं पळायला बेअर्सकडं चांगला जोडीदार नव्हता. त्यांचा क्वार्टरबॅक डॅन मरिनो कधी लाइनमनच्या आडोशातून बाहेर सरकून, कधी पापणी लवायच्या आत चेंडू सोडून देत होता. पुढं याच बेअर्सनी त्या हंगामाचा अंतिम सामना, सुपर बोल, ४६–१० असा जिंकला. म्हणजे ती भिंत पडण्यातली नव्हती. तिला भगदाड कुठं पाडायचं ते मायामीला कळलं होतं.

ती फिल्म मी इतक्यांदा पाहिली की बायको सोफ्यावरून उठून जायची. मग मी ती सगळी रचना उचलून आमच्या प्लेबुकात घातली. मरिनो आमच्या शाळेत नव्हता, ही बारीकशी गोष्ट राहून गेली.

रचनेबरोबर ‘हॉट रूट’ही आले. लाइनबॅकर अंगावर येताना दिसला की रिसीव्हरनं आपला ठरलेला मार्ग सोडून चटकन आत वळायचं आणि क्वार्टरबॅकनं न थांबता चेंडू तिथं फेकायचा. मोठे व्यावसायिक संघ याच्यावरच जगतात. अडचण अशी की क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर या दोघांनी एकाच क्षणी एकच गोष्ट ओळखायला हवी. मी चार प्रकारच्या ब्लिट्झसाठी चार उत्तरं काढली, त्यातल्या दोन उत्तरांना अपवाद जोडले, आणि हे सगळं एका छोट्या तक्त्यात छापून क्वार्टरबॅकच्या मनगटाला बांधलं. अक्षर इतकं बारीक होतं की मला चष्मा लागत होता.

एका सामन्यात त्याला ब्लिट्झ दिसला, रिसीव्हरला दिसला नाही. त्यानं चेंडू आत फेकला, रिसीव्हर सरळ पुढं पळत राहिला. चेंडू जिथं पडायला हवा होता तिथं त्यांचा कॉर्नर उभा होता. त्यानं तो झेलला आणि थेट आमच्या गोल रेषेपलीकडं नेला, टचडाउन. मी रिसीव्हरला बाहेर बसवलं. क्वार्टरबॅक साइडलाइनला आला आणि अगदी सभ्यपणे, वर्गात शंका विचारावी तसं म्हणाला, ‘कोच, स्नॅप झाल्यावर मी नक्की कुणाकडं बघू?’

मी त्याला पाच जणांची नावं सांगितली. तो मान डोलावून परत गेला.

तीन पावलांच्या पासला दीड-पावणेदोन सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात पाच माणसांकडं बघता येत नाही, हे त्याला माहीत होतं. मला त्याच्या प्रश्नातली तक्रार ऐकूच आली नाही. पुढच्या आठवड्यांत फिल्ममध्ये एक बदल दिसायला लागला. स्नॅप झाला की त्याचं हेल्मेट किंचित खाली झुकायचं. तो पुढं रिसीव्हरकडं बघतच नव्हता, अंगावर कोण येतंय ते बघत होता. क्वार्टरबॅकचे डोळे एकदा खाली गेले की ते वर आणायला महिने लागतात. ब्लिट्झनं त्याचे डोळे खाली आणले असं मी मुख्य कोचला सांगितलं. त्यात माझ्या तक्त्याचाही हात होता, ते सांगितलं नाही.

मग मला स्क्रीन पासचा नाद लागला. समोरचे धावून येतायत ना, येऊ द्या. लाइनमननी त्यांना मुद्दाम सोडायचं, आणि ते क्वार्टरबॅकपाशी पोचायच्या आत त्यांच्या डोक्यावरून रनिंग बॅककडं अलगद चेंडू टाकायचा. पुढं आपले तीन लाइनमन वाट करून द्यायला हजर. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा आम्ही अर्धं मैदान कापलं आणि मी हवेत मूठ उगारली. एखादी गोष्ट एकदा जमली की ती दर वेळी करून बघणं हा दोष गणितात चालत नाही, कोचिंगमध्ये सर्रास आढळतो.

डिक लबो नावाच्या कोचनं १९८०च्या दशकात सिनसिनाटीत, आमच्याच राज्यात, या रोगावर औषध शोधलं होतं. एका बाजूनं लाइनबॅकर सोडायचे आणि दुसऱ्या बाजूच्या लाइनमनला गुपचूप मागं सरकवायचं, नेमकं क्वार्टरबॅक घाईनं जिथं चेंडू टाकणार तिथं. हाच झोन ब्लिट्झ. पुढं लबो पिट्सबर्गला गेला. फेब्रुवारी २००९च्या सुपर बोलमध्ये त्याच्या बचावातला जेम्स हॅरिसन असाच पुढं येणार असं भासवून मागं थांबला. समोरचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर याचा पास त्यानं गोल रेषेपाशी पकडला आणि तिथून १०० यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. हा प्ले मी वर्गातल्या पोरांनाही दाखवला होता. पण एका शनिवारी समोरच्या संघाचा डावा एंड दोन पावलं पुढं आला, थांबला आणि मागं सरकला, तेव्हा मी स्क्रीनच सांगितलेला होता. चेंडू त्याच्या पोटात जाऊन बसला. त्या मुलालाही आश्चर्य वाटलं असावं, कारण तो क्षणभर तिथंच उभा राहिला.

आता जे सांगायचं ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या हंगामाच्या उत्तरार्धात एका सामन्यात आम्ही दोन टचडाउननं मागं होतो. तिसरा डाउन, बारा यार्ड बाकी. सात जण पुढं येऊन उभे आहेत हे मला साइडलाइनवरून दिसत होतं. टाइमआउट शिल्लक होता. तरी मी लांबचा पास सांगितला, ज्याला क्वार्टरबॅकनं सात पावलं मागं जावं लागतं आणि तीन सेकंद थांबावं लागतं. मागं ओसाड मैदान आहे, एक पास लागला की झालं, असा माझा हिशेब. क्वार्टरबॅक उजवीकडं पळाला. त्या काळी शाळेच्या नियमांप्रमाणे क्वार्टरबॅकला बाहेर पळूनही चेंडू मुद्दाम फेकून देता येत नसे. ती सवलत २०२२ साली मिळाली. त्यानं चेंडू छातीशी धरला आणि दोघे त्याच्या अंगावर पडले. डाव्या खांद्यावर आपटला. कॉलरबोन मोडलं.

त्याची आई कुंपणावरून आत आली नाही, बाहेरच उभी राहिली. मला ती काही बोलली नाही, नंतरही नाही. मुलगा पुढच्या वर्षी परत आला आणि मला रिसीव्हर व्हायचंय म्हणाला. मी कारण विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात मी पुन्हा फिल्म काढल्या, पण या वेळी उलट्या बाजूनं बघायचं ठरवलं. इतके दिवस मी तिसरे डाउन तपासत होतो, कारण मार तिथं बसायचा. आता पहिले डाउन तपासले. चित्र लख्ख होतं. समोरचे सहा-सात जण सोडायचे ते जवळजवळ नेहमी तिसऱ्या डाउनला, दहाच्या आसपास यार्ड बाकी असताना. तेवढं अंतर बाकी असलं की आम्हाला पास टाकणं भाग असतं, आणि लांबचाच टाकणं भाग असतं, हे त्यांना ठाऊक होतं. आणि एवढं अंतर उरायचं ते मी पहिल्या डाउनला हावरेपणानं लांबचा पास सांगितल्यामुळे, नाहीतर गर्दीच्या मधोमध बॅकला घुसवल्यामुळे. तिसऱ्या डाउनचा मार मी पहिल्या डाउनलाच मागवून ठेवत होतो.

आणखी एक गोष्ट मला फिल्मनं नाही, समोरच्या संघाच्या एका म्हाताऱ्या कोचनं सांगितली. हंगाम संपल्यावर एका बैठकीत कॉफी ओतता ओतता तो म्हणाला, ‘तुमचा सेंटर चेंडू मागं देण्याआधी दर वेळी मान वर करतो. आम्ही त्या मानेवर सुटायचो.’ मी दोन हंगाम त्या सेंटरच्या पाठीमागून सामने बघत होतो. मान मला दिसली नव्हती. स्नॅप कायम क्वार्टरबॅकच्या पहिल्या हाळीवर घ्यायची सवयही माझीच होती.

पुढच्या वर्षी मनगटावरचा तक्ता गेला. चारऐवजी एकच उत्तर राहिलं. लाइननं आतून बाहेर अडवत जायचं, सगळ्यात बाहेरच्याला सोडून द्यायचं. कारण मोकळा माणूस राहणारच आहे, तर त्यानं सगळ्यात लांबून यावं. तो कोणत्या बाजूनं येणार हे क्वार्टरबॅकला स्नॅपआधीच माहीत. तो जी जागा सोडून आला तिथं आतल्या रिसीव्हरनं तिरकं घुसायचं आणि चेंडू तिथं टाकायचा. बस्स. रनिंग बॅकलाही मागं बांधून ठेवणं बंद केलं. तो पुढं गेला की त्याच्यावरच्या लाइनबॅकरला त्याच्यामागं जावंच लागतं. अधूनमधून पासची बतावणी करून चेंडू बॅकच्याच हातात द्यायचा आणि धावून आलेल्यांनी मागं सोडलेल्या वाटेनं त्याला पळवायचं. हाळी कधी पहिल्या आवाजावर, कधी तिसऱ्या. तिसऱ्यावर घेतली की समोरचे एक-दोघे हमखास रेषेपलीकडं येऊन पाच यार्ड दंड भरायचे.

सरावात तो बाहेरचा मोकळा माणूस मी व्हायचो. हातात मोठं ब्लॉकिंग पॅड घेऊन कडेनं चालत यायचो, पळायचं वय गेलेलं. नव्या क्वार्टरबॅकनं माझ्याकडं एकदा बघायचं आणि माझ्या मागच्या मोकळ्या जागेत चेंडू टाकायचा. पहिले काही दिवस तो माझ्याकडंच बघत राहायचा. एकदा त्यानं अगदी वेळेवर टाकलेला चेंडू माझ्या कानशिलावर बसला. सगळा संघ खूष झाला, आणि खरं सांगायचं तर मीही. डोळे वर गेले होते.

ब्लिट्झ पाठवणारा कोच धाडसी असतो असं मी बरीच वर्षं मानत होतो. डिसेंबर २०२०मध्ये न्यूयॉर्क जेट्स रेडर्सविरुद्ध चार गुणांनी पुढं होते. घड्याळात काही सेकंद उरले होते. जेट्सचे बचावाचे कोच ग्रेग विल्यम्स यांनी मागं एकही राखीव माणूस न ठेवता ब्लिट्झ सोडला. रेडर्सच्या डेरेक कारनं ४६ यार्डांचा टचडाउन पास टाकला, जेट्स हरले, दुसऱ्या दिवशी विल्यम्सची नोकरी गेली. वाट बघत बसणं सहन होत नाही म्हणूनही माणूस सहा जण सोडतो. मी टाइट एंड मागं ओढायचो तेव्हा माझीही हीच अवस्था असायची. समोरच्या साइडलाइनवर माझ्यासारखाच एक जण उभा आहे हे कळल्यावर माझं ओरडणं बरंच कमी झालं.

आम्ही काही अजिंक्य झालो नाही. गेल्या काही हंगामांत आमच्यावर ब्लिट्झ कमी येतो एवढं खरं. हे माझं यश असं मी वसंतातल्या बैठकीत एका तरुण कोचला सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, वहीत उतरवलं आणि त्या शरदात आमच्याविरुद्ध सामना खेळायला आला. आम्ही आठवडाभर त्याच्या ब्लिट्झची तयारी केली होती. त्यानं ब्लिट्झ केलाच नाही. सहा जण रेषेवर आणून उभे करायचा आणि स्नॅप होताच त्यातले तिघे मागं सरकायचे. पास अडवायला आठ जण, आमच्या तिरक्या छोट्या पासच्या बरोबर वाटेत. मोकळा माणूस या वेळी त्यानं निवडला होता. आमचे तीन पास त्यांनी पकडले.

सामन्यानंतर मी मुख्य कोचला म्हणालो की आपला क्वार्टरबॅक आज एकदाही पडला नाही. त्यानं फलकाकडं बघितलं आणि म्हणाला, ‘त्याचे गुण कुठं लिहिलेत ते जरा दाखव.’